गाडी धंद्याला लावताय? आधी डॅशबोर्ड, स्टार्टिंग आणि एसी ड्रायव्हरला शिकवा

टूरिस्ट गाडीच्या व्यवसायावरच्या आपल्या मालिकेत आतापर्यंत आपण गाडीची निवड, कर्जाचा हप्ता आणि किलोमीटरचा दर बघितला. आजचा विषय बघून काहींना वाटेल, हे काय ड्रायव्हिंग स्कूल आहे का भाऊ? चावी फिरवायची, एसी लावायचा, काट्याकडे बघायचं, हे तर सगळ्यांनाच येतं.

येतं, मान्य. पण स्वतःची गाडी स्वतः चालवणं वेगळं, आणि हप्त्यावर घेतलेली गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन घरी बसणं वेगळं. गाडीचा काटा ड्रायव्हरला दिसतो, मालकाला दिसतं ते गॅरेजचं बिल. या दोघांच्या मध्ये जे काही घडतं, त्यावर तुमचा नफा ठरतो. आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा नफ्याइतकाच जिवाचाही प्रश्न असतो. म्हणून आज थोडं सविस्तर.

चावी फिरवल्यावर लगेच सेल्फ मारू नका

सकाळी गाडीत बसलं की आधी सीट, आरसे, बेल्ट. हॅन्डब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबलेला. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर 'पी' वर आणि पाय ब्रेकवर. बटनवाल्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटन दाबलं तर इंजिन सुरू होत नाही, नुसता करंट चालू होतो. नवीन ड्रायव्हर तसंच गाणी ऐकत बसतो आणि तासा-दोन तासांनी बॅटरी उतरते. विमानतळावर पार्टी उतरली आणि गाडी सुरूच होत नाही, असं एकदा झालं की तो ग्राहक परत फोन करत नाही.

आता खरी गंमत. चावी 'ऑन'ला आणली की डॅशबोर्डवरचे बरेच दिवे एकदम पेटतात. इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस. गाडी स्वतःची हजेरी घेत असते. त्या दोन-तीन सेकंदांत थांबा आणि बघा. काही दिवे आपोआप विझतात, ऑइल आणि बॅटरीचे इंजिन सुरू झाल्यावर विझतात. सुरू झाल्यावरही जो राहिला, तो काहीतरी सांगतोय. आणि जो पेटलाच नाही, तो त्याहून जास्त सांगतोय!

सेकंडहॅन्ड गाडी घेणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा. बाजारात गाडी विकताना इंजिनचा किंवा एअरबॅगचा दिवा सतत पेटत असेल तर तो दुरुस्त करण्याऐवजी त्याचा बल्ब किंवा वायरच काढून टाकतात. मग डॅशबोर्ड अगदी स्वच्छ दिसतो. म्हणून गाडी बघायला गेलात की विकणारा आधीच गाडी सुरू करून उभा असेल तर बंद करायला लावा. चावी स्वतः 'ऑन'ला न्या आणि कोणकोणते दिवे पेटतात ते मोजा. एअरबॅगचा दिवा आलाच नाही, तर पुढे बोलणी करण्याआधी चांगल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून घ्या. त्या तपासणीला लागणारे थोडेसे पैसे वाचवू नका.

डिझेल गाडी असेल तर स्प्रिंगच्या गुंडाळीसारखं पिवळं चिन्ह दिसतं. ते विझलं की मग सेल्फ. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे याचा फरक कळतो. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांच्या वर मारायचा नाही. नाही लागली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा. घर्रर्र घर्रर्र करत बसलं की बॅटरीही जाते आणि स्टार्टरही. कंपनी फिटेड सीएनजी गाड्या बहुतेक पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, त्यामुळे "आपली तर सीएनजी आहे" म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याची तारीख गाडीच्या कागदांसोबत लिहून ठेवा.

इंजिन लागल्यावर ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. तोवर रेस देऊ नका, कारण ऑइल वरपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. अर्धा मिनिट थांबून हळू निघायचं, बस. दहा-दहा मिनिटं उभी ठेवून "गाडी गरम करणं" आजच्या गाड्यांना लागत नाही. बंद शटरच्या गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवायचंच नाही. का, ते पुढे सांगतो.

लाल, पिवळा, हिरवा

रंगांचा नियम सिग्नलसारखाच आहे. हिरवा आणि निळा म्हणजे माहिती. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लाल म्हणजे आत्ता, सुरक्षित जागा बघून थांबा.

यात सगळ्यात जास्त फसवणारा दिवा ऑइलचा. लोकांना वाटतं, ऑइल थोडं कमी झालं असेल, पुढच्या पंपावर बघू. पण तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब गेला हे सांगतो. म्हणजे आत लोखंड लोखंडावर घासतंय. इथे पुढचा पंप वगैरे नाही, बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ऑइल किती आहे ते कळतं डिपस्टिकवर, आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना.

बॅटरीचा दिवा चालत्या गाडीत लागला तर बॅटरी खराब असेलच असं नाही. बहुतेक वेळा चार्जिंग थांबलेलं असतं, म्हणजे अल्टरनेटर किंवा बेल्ट. काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला तर थोड्याच वेळात इंजिन तापतं. म्हणून बॅटरीचा दिवा लागला की नजर तापमानाच्या काट्यावर ठेवायची. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, तसंच पळवत राहिलात तर सायलेन्सरमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक दिवा आला आहे, डीपीएफचा. सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, ती साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. दिवसभर सीताबर्डी ते धरमपेठ, धरमपेठ ते सदर एवढंच चालणाऱ्या गाडीत ती तुंबते. दिवा लागला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हायवेवर वीसेक मिनिटं एकसारखी चालवून आणा. दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते आणि मग वर्कशॉपशिवाय पर्याय नाही. गाडी फक्त शहरातच फिरवायची असेल तर डिझेल घेण्याआधी याचा विचार करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह असं दिसणारा पिवळा दिवा टायरच्या हवेचा. समृद्धी महामार्गाची भाडी घेणाऱ्यांनी तो गंभीरपणे घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि टायर फुटून होणारे अपघात हा चर्चेचा विषय झाला. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि तासन् तास १००-१२० च्या वेगात तापतच राहतो. हवा सकाळी टायर थंड असताना बघायची, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याप्रमाणे. दुपारी टायर गरम असताना आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा काढून टाकू नका, ती चूक महागात पडते.

तापमानाचा काटा

बहुतेक गाड्यांत हा काटा 'सी' आणि 'एच' यांच्या साधारण मध्यावर येऊन थांबतो. तुम्हाला वाटतं तापमान अगदी स्थिर आहे. खरं तर आजकालच्या गाड्यांत काटा मुद्दाम तसा बसवलेला असतो. आतलं तापमान थोडंफार वर-खाली झालं तरी तो मध्यावरच राहतो, नाहीतर लोक उगाच घाबरतील. याचा अर्थ काय? नेहमीच्या जागेवरून काटा वर सरकला म्हणजे प्रकरण आधीच बरंच पुढे गेलेलं आहे. "अजून एचला कुठे लागलाय?" असं म्हणून चालत नाही. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा, जास्त तापलं की लाल, मधलं काही नाही.

आणि काटा खोटंही बोलू शकतो. ३० मे २०२४ आठवतो? नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, दुसऱ्याने ५४. देशभर बातमी झाली. उरलेल्या दोन केंद्रांवर ४४ च्या आसपास आकडा होता, आणि सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं हवामान खात्याने सांगितलं. गाडीत याच्या उलटं होतं, आणि ते जास्त धोक्याचं. पाइप फुटून कूलंट निघून गेलं की सेन्सर पाण्यात न राहता मोकळा राहतो. तेव्हा काटा खाली येऊ शकतो आणि इंजिन मात्र आत जळत असतं. म्हणून काट्यासोबत नाक-कानही हवेत. गोडसर वास, बॉनेटमधून वाफ, एसी अचानक गरम हवा फेकतोय, गाडीची ओढ कमी झाली, यातलं काहीही जाणवलं तर काटा काहीही म्हणो, थांबायचं.

उन्हाळ्यात जाममध्ये गाड्या जास्त का तापतात? एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो. पार्टीला थंड ठेवताना काढलेली उष्णता तो रेडिएटरवरच सोडतो. गाडी पळत असताना समोरून वारा मिळतो, उभी असताना सगळी मदार पंख्यावर. त्यात कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि किडे अडकलेले, आणि रेडिएटरमध्ये कूलंटच्या जागी बोअरचं पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, घरच्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच थर आत बसतो. कूलंट कंपनीने सांगितलेलं वापरा, आणि मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड पाण्यातच.

काटा चढायला लागला तर पहिलं काम, एसी बंद. दुसरं, काचा खाली करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल! ४५ अंशात हीटर म्हटल्यावर ड्रायव्हर हसतो. पण हीटरची उष्णता इंजिनच्या पाण्यातूनच येते, म्हणजे तो एक छोटा जादा रेडिएटर आहे. एवढ्याने काटा खाली आला तर गाडी हळूहळू सुरक्षित जागी न्या. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला तर लगेच कडेला घेऊन, धोक्याचे चारही इंडिकेटर लावून इंजिन बंद. पार्टीला सावलीत, आणि हायवेवर असाल तर कठड्याच्या पलीकडे उभं करा.

रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हे ड्रायव्हरकडून तीनदा म्हणवून घ्या. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभराच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण फिरवलं, दाब सुटला, की ते सगळं एकदम उकळून तोंडावर उडतं. कूलंटच्या प्लॅस्टिकच्या टाकीचं झाकणही तसंच. निदान पाऊण तास जाऊ द्या, आणि गरम इंजिनावर थंड पाण्याची बाटली ओतू नका, धातूला तडा जातो.

आता मालक म्हणून तुमचा भाग. समजा तुमची गाडी उमरेड-चिमूर मार्गे ताडोब्याच्या कोलारा गेटला चालली आहे. गाडीत सहा माणसं, सफारीचं बुकिंग दुपारचं. चिमूरच्या अलीकडे काटा चढला. ड्रायव्हरच्या डोक्यात काय येतं? थांबलो तर सफारी हुकेल, पार्टी चिडेल, मालक शिव्या देईल, भाड्याचे पैसे कापेल. तो थांबत नाही. "पोचू कसंबसं." आणि मग हेड वाकतं, गॅस्केट जातं, गाडी आठ-दहा दिवस गॅरेजला आणि बिल हजारांच्या दशकात. त्याने काटा बघितला नव्हता असं नाही. त्याला थांबायची परवानगी नव्हती.

म्हणून कामावर घेताना पहिल्याच दिवशी सांगा, "लाल दिवा लागला की गाडी थांबव आणि मला फोन कर. भाडं गेलं तर माझं गेलं, तुझा रुपया कापणार नाही." आणि तसंच वागा. एकदा जरी अशा वेळी ओरडलात, तर पुढच्या वेळी तो थांबणार नाही. सोबत दोन ओळखीच्या गाडीवाल्यांशी आधीच बोलून ठेवा, अडल्यावेळी ते तुमची पार्टी उचलतील आणि तुम्ही त्यांची. नागपुरात हे चालतं, फक्त बोलणी वेळ यायच्या आधी झालेली असावीत.

एसी

उन्हात उभ्या गाडीचं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास चढू शकतं. ४५ च्या दुपारी आत काय होत असेल, विचार करा. पार्टी यायच्या आधी वीस मिनिटं गाडी चालू ठेवून थंड करायची गरज नाही. चारही दारं मिनिटभर उघडी ठेवा, किंवा एका बाजूची काच खाली करून समोरच्या बाजूचं दार चार-पाच वेळा उघडझाप करा, कोंडलेली गरम हवा बाहेर फेकली जाते. मग निघा, काचा खाली, ब्लोअर जोरात, हवा बाहेरची. शे-दोनशे मीटरनंतर काचा बंद करून आतली हवा फिरवणारं बटन दाबा. गाडी अशी लवकर थंड होते, आणि डिझेलही वाचतं.

ते बटन मात्र सतत दाबून ठेवू नका. सहा-सात माणसं, काचा बंद, तीच हवा पुन्हा पुन्हा. कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं जड होतं, डुलकी लागते. पहाटेच्या सफारीसाठी रात्री तीनला निघालेल्या ड्रायव्हरला हे परवडणारं नाही. अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा घ्यायची. पावसाळ्यात काच आतून धुकट झाली की तेच करा, बाहेरची हवा, एसी चालू, झोत समोरच्या काचेवर. काच बाहेरून धुकट झाली असेल तर वायपर मारा आणि एसीची थंडी कमी करा. फडक्याने काच पुसत गाडी चालवणं थांबवा.

उभ्या गाडीत एसी चालू ठेवण्याचा हिशोब करू. एसीसह उभी छोटी गाडी तासाला पाऊण ते एक लिटर इंधन खाते. ०.८ धरा. रोज तीन तास, महिन्यात २५ दिवस, म्हणजे ६० लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला ६,३०० रुपये. तुमच्या हप्त्याच्या कागदाशेजारी हा आकडा लिहून बघा.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट दुसरी आहे. लग्नसराईत लॉनबाहेर रात्रभर गाड्या उभ्या असतात आणि ड्रायव्हर काचा बंद करून, एसी लावून आत झोपतात. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. सायलेन्सरला बारीक भोक असेल, किंवा गाडी भिंतीला लागून, तळघरात, कोपऱ्यात उभी असेल, तर तो आत येतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. जागा माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून बाहेर तरी पडतो. झोपलेल्याला कळतच नाही. तेव्हा चालू इंजिनच्या बंद गाडीत झोपायचं नाही, हा नियम तोंडी नको, लेखी द्या. आणि नियम देऊन मोकळं होऊ नका. रात्रीच्या ड्युटीला ड्रायव्हरची झोपायची सोय पार्टीकडून ठरवून घ्या, नाही जमलं तर दोनशे रुपये जास्त घेऊन तुम्ही करा. पंचवीस-पन्नास हजारांच्या लॉनमध्ये एका माणसाला आडवं व्हायला जागा मिळते, मागावी लागते एवढंच.

उभ्या गाडीबद्दल शेवटची गोष्ट. जून २०२३ मध्ये आपल्याच शहरात, टेका नाका भागात, बेपत्ता झालेली तीन लहान मुलं दुसऱ्या दिवशी घराजवळच उभ्या असलेल्या एका कारमध्ये मृत सापडली. मुलं खेळताना उघड्या गाडीत शिरतात, दार बंद होतं, आतून उघडता येत नाही आणि गाडी तापत जाते. तुमची गाडी दुरुस्तीसाठी आठ दिवस उभी असो की पार्टी नसल्यामुळे दोन दिवस, चारही दारं आणि डिकी लॉक झाली का ते हात लावून बघा. रिमोटचा आवाज आला म्हणजे लॉक झाली असं धरू नका, बॅटरी उतरलेल्या गाडीत रिमोट चालत नाही. चावी मुलांच्या हाताला लागेल अशी खिळ्याला अडकवू नका. पार्टीसोबत लहान मूल असेल तर मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लावा, आणि सगळे उतरल्यावर ड्रायव्हरने मागची सीट वळून बघायची. ढाब्यावर "पाचच मिनिटं" म्हणून झोपलेलं मूल गाडीत ठेवायला पालकांनी सांगितलं, तर त्याने नम्रपणे नाही म्हणायचं, आणि तुम्ही त्याच्या बाजूने उभं राहायचं.

व्हिडिओत दाखवलेली सकाळची तपासणी ड्रायव्हरच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून द्या. दिवे, ऑइल, कूलंट, टायर, पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या भागात टूरिस्ट परमिट आणि विम्याच्या कागदांवर बोलू, तोपर्यंत गाडीचं मॅन्युअल डिकीतून काढून समोरच्या कप्प्यात ठेवा.